स्मार्टफोन सोडून बटणांच्या फोनवर यायचंय: सिम, यूपीआय, ओटीपीचं काय करायचं?

पिंपळपान_०९

नमस्कार मंडळी,

रोजचा स्क्रीन टाइम पाच तासांच्या वर जातोय, त्यातला बहुतेक रील्स आणि शॉर्ट्सवर. अ‍ॅप काढून पाहिली, ब्राउझरमधून तेच सुरू झालं. टायमर लावले, ते 'आजच्यापुरतं' म्हणत बंद केले जातात. म्हणून आता सरळ बटणांचा फोन घ्यायचं ठरवलंय.

परिस्थिती अशी: पुण्यात राहतो. अँड्रॉइड फोन, जिओचा एकच नंबर आणि तोही ईसिम (फोनातच बसवलेलं, काढता न येणारं सिम). बँक, आधार, व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्याच नंबरावर. सोसायटीचा आणि मुलीच्या शाळेचा ग्रुप आहे. ऑफिसच्या लॉगिनला ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड लागतो. ओळखीच्या दुकानात एक जुना २जी नोकिया स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का?

नक्की काय अडतं आणि काय कोणत्या क्रमाने करावं ते सांगा. 'मनोनिग्रह वाढवा' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून बोला.

---

सोल्डरगन

तो नोकिया दुकानातच राहू द्या. जिओचं जाळं सुरू झाल्यापासून फक्त ४जी आहे (आता ५जीही), २जी तिथे कधी नव्हतंच. जिओचं सिम घातलंत तर पडद्यावर 'नेटवर्क नाही' एवढंच दिसत राहील. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर २जी सेट चालतो. जिओवरच राहायचं असेल तर ४जी आणि व्होल्टे (४जीवरून कॉल करायची सोय) दोन्ही असलेला बटणांचा फोन लागेल. खोक्यावर नुसतं '४जी' छापलेलं पुरेसं नाही. दुकानात आपलं सिम घाला, एक कॉल करा, एक घ्या, मगच पैसे द्या. परदेशातून मागवलेल्या साध्या फोनांची गंमत इथेच होते: ४जीचं चिन्ह दिसतं, पण आपल्या कंपनीची व्होल्टेची सेटिंग त्यात नसते आणि कॉल लागत नाही.

जिओभारत हा फोन स्वस्त आहे, पण जिओचं सिम सोडून दुसरं घेत नाही. पुढे नंबर पोर्ट केलात की फोन कपाटात.

ईसिमचं: बटणांच्या फोनात ते चालत नाही, दुकानात जाऊन प्लॅस्टिकचं सिम घ्यावं लागेल. आणि सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. सिम-स्वॅपची फसवणूक रोखायला दूरसंचार विभागाने हा नियम केलाय. म्हणजे त्या दिवशी एकही ओटीपी येणार नाही. हप्ता, तिकीट बुकिंग, रिटर्न भरणं असलं काही नसेल असा दिवस निवडा. नव्या सिमची चौकट फेकू नका, बऱ्याच बटणांच्या फोनांना मोठ्या आकाराचं सिम लागतं. नॅनो तुकडा चौकटीत बसवल्यावर मागच्या, म्हणजे सोनेरी पट्टी नसलेल्या बाजूने पातळ सेलोटेप लावा. नाहीतर सिम ओढून काढताना तुकडा आतच राहतो आणि रिकामी चौकट ओढली की खाचेतल्या पिना वाकतात. दुरुस्तीला येणाऱ्या बटणांच्या फोनांत हे हमखास असतं.

आता खरा सापळा. हल्लीचे सगळेच 'साधे' फोन साधे राहिलेले नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोकिया ३२१० मध्ये यूट्यूब दिलेलं आहे, जिओभारतवर टीव्ही दिसतो. एवढ्याशा पडद्यावर कोण बघतंय असं वाटतं, पण लोक बघतात. यावरचा उपाय हँडसेटमध्ये शोधू नका, रिचार्जमध्ये शोधा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांकडेही डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आहेत. कंपनीच्या अ‍ॅपवर ते तळाशी कुठेतरी असतात, 'व्हॉइस ओन्ली' शोधा. लांब मुदतीचा घ्या, म्हणजे दर महिन्याला डेटाचा पॅक डोळ्यांसमोर येणार नाही.

दोन किरकोळ गोष्टी. भारतात विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनात ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की ११२ ला कॉल जातो. खिशात ते दाबलं जाऊ नये म्हणून कीपॅड लॉक आपोआप लागेल असं ठेवा. आणि टाइप-सी चार्जिंगचे काही स्वस्त सेट दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. फोन बिघडला म्हणून परत करण्याआधी जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावून पाहा.

---

रोकडा_हिशोब

पैशांबद्दल लिहितो, कारण माझ्या मते लोक रील्ससाठी नाही, यूपीआयसाठी स्मार्टफोनकडे परत येतात. आणि एकदा हातात आला की पुढचं ठरलेलंच.

बटणांच्या फोनावर दोन रस्ते आहेत. पहिला यूपीआय १२३पे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केला, मर्यादा आधी ५,००० होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,००० करायचं जाहीर झालं. ०८० ४५१६ ३६६६ वर फोन लावायचा, भाषा आणि बँक निवडायची. पहिल्या वेळी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी देऊन पिन ठरवायचा. पुढच्या वेळी समोरच्याचा मोबाइल नंबर, रक्कम, पिन. सगळ्या बँका यात नाहीत, तेव्हा घरी बसून आधी करून बघा. दुसरा रस्ता *९९#. त्याला इंटरनेट लागत नाही, पण जिओच्या सिमवर तो चालेलच असं नाही आणि मेन्यू फार वेळ थांबत नाही. आकडे शोधत बसलात की सत्र संपतं आणि पहिल्यापासून सुरुवात. कार्ड आणि नंबर कागदावर समोर ठेवूनच बसा.

आता व्यवहारातली अडचण. कॉलवरून पैसे पाठवताना क्यूआर स्कॅन होत नाही, मोबाइल नंबरावर पाठवावे लागतात. भाजीवालीच्या गाडीवरचा क्यूआर एका खात्याचा आणि तिचा मोबाइल नंबर भलत्याच खात्याला जोडलेला, असं सर्रास असतं. तुमचे पैसे जातात, पण तिचा स्पीकर काही बोलत नाही. मागे रांग, ती म्हणते 'नाही आले', तुम्ही म्हणता 'गेले'. त्यामुळे १२३पे घरभाडं, कामवाल्या मावशी, नातेवाईक अशा ठरलेल्या लोकांसाठी ठेवा. रस्त्यावर रोख आणि डेबिट कार्ड. आठवड्याचा अंदाज घेऊन एकदाच पैसे काढा आणि एटीएममधून १०० आणि २०० च्या नोटा निघतील अशी रक्कम टाका. ५०० ची एकच नोट घेऊन वडापाव खायला गेलात तर सुट्ट्यांवरून बोलणी खावी लागतील.

घरातल्या स्मार्टफोनवर यूपीआय चालू ठेवायचा असेल तर एक लक्षात घ्या: बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनात असावं लागतं. सिम काढून वायफायवर चालवू म्हणाल तर आज ना उद्या अ‍ॅप पडताळणी मागेल आणि अडेल. त्यापेक्षा दुसरा नंबर घ्या, दुसऱ्या एखाद्या बचत खात्याला तो नोंदवा आणि त्यात महिन्याच्या घरखर्चाइतकेच पैसे ठेवा. मुख्य खातं जुन्या नंबरावर, जुना नंबर बटणांच्या फोनात. बँकेचे मेसेज आणि ओटीपी तुमच्या खिशात, पैसे भरायचं यंत्र घरी.

---

खिडकीतला_वारा

वरच्या दोघांनी पाया घातलाय, मी व्हॉट्सअ‍ॅपचं सांगते.

बटणांच्या फोनावर व्हॉट्सअ‍ॅप मिळेल या आशेवर राहू नका. कायओएसवरचं (जिओफोनसारख्या बटणांच्या फोनांतली प्रणाली) व्हॉट्सअ‍ॅप जून २०२४ पासून नव्याने मिळणं थांबलं आणि नंतर जुन्यांचंही बंद झालं. सेकंडहँड जिओफोनवर 'व्हॉट्सअ‍ॅप चालतो' असं कोणी सांगितलं तर हसून पुढे व्हा.

बरेच जण सुचवतात की सिम बटणांच्या फोनात घाला आणि व्हॉट्सअ‍ॅप बिनसिमच्या स्मार्टफोनवर तसंच ठेवा. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग कंपन्यांना आदेश दिला की खात्याचं सिम फोनात असल्याशिवाय अ‍ॅप चालू देऊ नका आणि संगणकावरचं लॉगिन सहा तासांनी आपोआप काढा. तेव्हा त्या जुगाडावर विसंबू नका. रोकडा_हिशोब म्हणतात तो दुसरा नंबर इथेही कामाला येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये खातं, त्यात 'नंबर बदला'. ग्रुप आणि चॅट जसेच्या तसे नव्या नंबरावर जातात. हे जुनं सिम हलवायच्या आधी, दोन्ही नंबर चालू असताना करा. त्याच स्क्रीनवर कोणाला कळवायचं ते विचारतं, तिथे 'सर्व संपर्क' निवडू नका. ज्यांना कळायला हवं त्यांनाच कळू दे, बाकीचे जुन्या नंबरावर फोन करतील आणि तो तुमच्या खिशात आहेच.

त्यानंतर एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. गूगल मेसेजेसमध्ये 'आरसीएस चॅट' (इंटरनेटवरून जाणारे मेसेज) बंद करा आणि मगच सिम काढा. नाही केलंत तर समोरच्याचा फोन तुम्हाला आरसीएस वापरणारेच समजतो आणि त्याचा मेसेज एसएमएस म्हणून न येता मधेच लटकतो. आयफोन सोडणाऱ्यांनी असंच आयमेसेज बंद करावं.

ऑफिसच्या कोडचं: आधी आयटीवाल्यांना विचारा की एसएमएस, फोन कॉल किंवा यूएसबी की (संगणकाला लावायची छोटी किल्ली) चालेल का. बहुतेक ठिकाणी यातलं एक तरी चालतं, फक्त आपणहून कोणी सांगत नाही. गूगल खात्यासाठी बॅकअप कोड छापून घ्या, एका वेळी आठ आकडी दहा कोड मिळतात.

शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला 'उद्या हिरवा ड्रेस' येतो, त्याला इलाज नाही. ग्रुपमधल्या एका पालकाला 'महत्त्वाचं असेल तर एसएमएस कर' म्हणून ठेवा.

आणि स्मार्टफोनची जागा ठरवा. बैठकीच्या खोलीत, चार्जरला लावलेला, उभ्याने वापरायचा. पलंगाजवळ नाही. गजरासाठी वेगळं घड्याळ आणा, गजराचं निमित्त करून तो पुन्हा उशाशी येतो.

---

उलटसुलट_तपासणी

मी विरुद्ध बाजूने बोलतो. एवढा खटाटोप करण्याआधी आहे तोच फोन कंटाळवाणा करून बघा, फुकट आहे. टायमर का फसतो? कारण त्याचं कुलूप आणि किल्ली दोन्ही तुमच्याकडेच. किल्ली दुसऱ्याला द्या. यूट्यूब आणि क्रोम फोनातून निघत नाहीत, पण अ‍ॅपच्या माहितीत जाऊन 'बंद करा' करता येतात. प्ले स्टोअरला अ‍ॅप लॉक लावा आणि त्याचा पासवर्ड बायकोला टाकायला सांगा. डिजिटल वेलबीइंगमधल्या झोपेच्या मोडमध्ये 'ग्रेस्केल' आहे, वेळ दिवसभराची दिलीत की पडदा कायम करडा राहतो. रील्सची अर्धी मजा रंगात आहे. नोटिफिकेशन कॉल, एसएमएस आणि बँक सोडून सगळ्यांची बंद.

याची कमजोरीही सांगतो: ब्राउझर पूर्ण बंद ठेवता येत नाही. पेमेंटची पानं, शाळेची फी, कुठेतरी लागतोच. आणि एक ब्राउझर उरला की त्यात सगळं उरलं. तुम्ही ब्राउझरमधून परत गेला होतात असं लिहिलंय, तेव्हा तुमच्या बाबतीत बटणांचाच फोन बरा असेल. पण वाचणाऱ्या इतरांनी आधी हे करावं.

---

पिंपळपान_०९

सगळ्यांचे आभार, दुसरा नंबर घेतोच. दोन शंका आहेत. संपर्क नव्या फोनात कसे न्यायचे, माझे बरेच मराठीत सेव्ह केलेले आहेत. आणि साध्या फोनात मेसेज भरले की नवीन येत नाहीत म्हणतात, मग ओटीपीचं काय?

---

सोल्डरगन

संपर्क सिमवर कॉपी करू नका. सिमवर साधारण २५० मावतात, एका नावाला एकच नंबर आणि नाव तुटकं. देवनागरी अक्षराला सिमवर दुप्पट जागा लागते, त्यामुळे 'प्लंबर कोथरूड' चं 'प्लंबर' एवढंच उरतं. यादीतले तीन प्लंबर एका नावाने बसतील. स्मार्टफोनवरून संपर्कांची व्हीसीएफ फाइल काढा आणि ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने नव्या फोनात न्या. जुनी पद्धत वाचणारे फोन नवीन व्हीसीएफ अर्धवट वाचतात, म्हणून आधी पाच संपर्कांची फाइल करून पाहा. नावांऐवजी चौकोन दिसले तर त्या फोनात देवनागरी फाँट नाही, इंग्रजीत लिहा. हजार संपर्क नेण्याची गरजही नसते, दीडशे नीट निवडा.

मेसेजचं खरं आहे. मेमरी भरली की पडद्यावर एक पाकीट लुकलुकतं आणि नवे मेसेज कंपनीकडे अडकून राहतात. तोवर ओटीपीची मुदत संपते. सेटिंगमध्ये मेसेज साठवायची जागा 'सिम' असेल तर 'फोन' करा, सिमवर जेमतेम काही डझन मावतात. मग १९०९ ला स्टार्ट लिहून जागा सोडून शून्य पाठवा (स्टार्ट इंग्रजी अक्षरांत). जाहिराती थांबतात, बँकेचे मेसेज आणि ओटीपी येत राहतात. तरी आठवड्यातून एकदा इनबॉक्स रिकामा करा.

मराठीत एसएमएस लिहिणार असाल तर एका मेसेजात ७० अक्षरंच बसतात, रोमन लिपीत १६०. पॅकमध्ये ठरावीकच एसएमएस असतात आणि लांब मराठी मेसेज दोन-तीन म्हणून मोजला जातो.

---

डबल_बेल

प्रवासाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. रेल्वेच्या आरक्षित तिकिटाला आयआरसीटीसीचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र चालतं, तो मेसेज प्रवास संपेपर्यंत पुसू नका. पुणे मेट्रोला कार्ड घ्या. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये असतील तर आता मूळ कार्ड पाकिटात लागतील. इंडेनचा गॅस ८४५४९ ५५५५५ वर मिस्ड कॉल देऊन बुक होतो, पण नोंदलेल्या नंबरावरूनच, आणि डिलिव्हरीचा कोडही त्याच नंबरावर येतो. ओला-उबरला मात्र बटणांच्या फोनावर पर्याय नाही. रात्री उशिरा स्टेशनवर उतरणार असाल तर नेहमीच्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर त्या दीडशेत असू द्या.