मांडीच्या हाडाची गाठ, वय ११: एमआरआय आधी की तुकडा आधी?

हडपसरचा फॅमिली डॉक्टर
मुलगी, ११ वर्षं. दोन महिने उजव्या गुडघ्याच्या वर दुखतंय. 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल-मालीश चालू होती. आता रात्री झोप मोडते, सूज आहे, हात लावला तर गरम लागतं. ताप नाही. एक्स-रेत फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या टोकाला हाड खाल्लेलं, त्यातच पांढरे ढग, कडेला कॉडमनचा त्रिकोण (गाठीने हाडावरचं आवरण उचललं की दिसतो तो). रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (हाड बनताना वाढणारं एन्झाइम) वयाच्या मानानेही बरंच वर. जवळच्या ऑर्थोपेडिक सर्जनांनी परवा ओपन बायॉप्सी (छेद देऊन गाठीचा तुकडा तपासायला काढणं) ठेवली आहे, एमआरआय नंतर म्हणतात. घरच्यांना धास्ती की तुकडा काढला की पसरतं. परवाचं होऊ द्यावं का?

हाडांच्या गाठींचा सर्जन
नको, थांबवा. दोन-चार दिवसांनी बिघडत नाही, चुकीच्या जागी घातलेल्या छेदाने पाय जाऊ शकतो.

आधी एमआरआय, आणि तो नुसत्या गुडघ्याचा नाही: खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खं फीमर. त्याच हाडात वर सुटी गाठ असली तर गुडघ्याच्या एमआरआयमध्ये ती दिसणारच नाही. बायॉप्सीनंतर रक्त आणि सूज साठते, मग गाठ नेमकी कुठे संपते ते कळत नाही.

सुई जाते तो सगळा मार्ग दूषित धरायचा आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबरच कापून काढायचा. म्हणून सुई पुढच्या ऑपरेशनच्या छेदरेषेवरच हवी, आणि ती रेषा मोठं ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवावी. रेक्टस फीमोरिसमधून (मांडीच्या पुढच्या स्नायूतून) किंवा सांध्याच्या पोकळीतून नको. आडवा छेद तर कधीच नको. बहुतेक वेळा जॅमशिडी सुई (हाडाचा तुकडा काढायची जाड पोकळ सुई) पुरते. गाठ हाडाबाहेर आली असेल तर तिथल्या मऊ भागातून घ्या, हाडाला भोक पाडू नका, तिथेच ते मोडतं. ओपन करावीच लागली तर ड्रेन (साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) छेदाच्याच रेषेत, टोकाजवळ. घरच्यांना सांगा की धोका तुकड्यात नाही, तो कुठून आणि कसा काढला त्यात आहे.

मालीश आजच बंद. कुबड्या द्या, त्या पायावर भार नको. हाड मोडलं तर गाठीच्या पेशी रक्ताबरोबर आजूबाजूला पसरतात आणि पाय वाचवणं अवघड होतं.

पॅथॉलॉजीवाला
एकच तुकडा पाठवून 'बघा काय आहे ते' म्हणू नका. चार-पाच कोअर (सुईने काढलेले बारीक तुकडे) घ्या. एक निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला, म्हणजे जंतुसंसर्ग आहे का ते बघायला (फॉर्मॅलिनमध्ये टाकलात तर कल्चर गेलं), बाकी १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये. मऊ कोअर वेगळ्या डबीत ठेवा, ते डीकॅल्सिफाय करावे (चुना काढून मऊ करावे) लागत नाहीत. कडक ॲसिडने डीएनए खराब होतो. उद्या यूइंगची (हाडाच्या दुसऱ्या एका कॅन्सरची) शंका आली तर ईडब्ल्यूएसआर१ या जनुकाची फिश टेस्ट त्यावर लागत नाही. कठीण तुकड्यांना ईडीटीए हे सौम्य रसायन बरं, वेळ जास्त लागतो एवढंच.

फॉर्मवर वय आणि हाडाची जागा लिहा, सोबत एक्स-रे पाठवा. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरचं नवं हाड सूक्ष्मदर्शकाखाली ऑस्टिओसार्कोमासारखं (हाड बनवणाऱ्या कॅन्सरसारखं, इथे शंका त्याचीच) दिसू शकतं, आणि एक्स-रे न पाहता मत देणारा तिथेच फसतो. पुढे दुसरीकडे जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नाही, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. एमआरआयची सीडीही.

मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर
छातीचा पातळ स्लाइसचा सीटी भूल देण्याआधी करून घ्या. भुलीनंतर फुप्फुसाचा तळ दबलेला दिसतो, त्यात बारीक गाठी लपतात. बाकी हाडांत पसरलंय का ते बघायला बोन स्कॅन किंवा पेट-सीटी.

ऑस्टिओसार्कोमा ठरला तर आधी सुमारे १० आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. एमएपी या तीन औषधांच्या पद्धतीत डॉक्सोरुबिसिन ७५ मिलिग्रॅम, सिसप्लॅटिन १२० मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेट १२ ग्रॅम, सगळं शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला. सुरुवातीलाच टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कानाची तपासणी. सिसप्लॅटिनने उंच स्वर आधी जातात, घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. मेथोट्रेक्सेटची रक्तातली पातळी रोज मोजता येत नसेल तिथे हा डोस देऊच नये. आणि त्या दिवसांत दुखण्यावर घरातली आयब्युप्रोफेन बंद, तिने मेथोट्रेक्सेट बाहेर पडायचं अडतं. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ओजीएस-१२ या केमो पद्धतीत मेथोट्रेक्सेट नाही, त्याजागी आयफॉस्फामाइड आहे. रेडिएशनचा मुख्य उपचार म्हणून इथे फारसा उपयोग नाही, यूइंगमध्ये मात्र होतो.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर तिथेच अडतं.

हडपसरचा फॅमिली डॉक्टर
परवाची बायॉप्सी पुढे ढकलली. सोमवारी एमआरआय. वडील एकच विचारतात, पाय राहिला तर वाढणार कसा?

हाडांच्या गाठींचा सर्जन
फीमर खालच्या टोकाला वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर वाढतं. मुलींची वाढ १४ च्या आसपास थांबते, म्हणजे तिथली वाढीची पट्टी (हाड जिथून लांबतं ती) गाठीबरोबर गेली तर ढोबळ मानाने ३ सेंटिमीटरची तूट. लांबवता येणारा कृत्रिम सांधा हा एक मार्ग, पण तो महाग आहे आणि पुढे बदलावा लागतो. तूट कमी वाटली तर साधा सांधाच थोडा लांब बसवतात, किंवा वेळ साधून चांगल्या पायाची वाढ थांबवतात. रोटेशनप्लास्टीचा (गाठीचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडायचा) फोटो पाहून बहुतेक पालक नकार देतात, तरी तीही समोर ठेवा. घोटा गुडघ्याचं काम करतो, मूल पळतं, आणि सांधा बदलायचा प्रश्न राहत नाही. एमआरआयमध्ये वाढीची पट्टी आणि रक्तवाहिनी गाठीपासून सुटी आहे का ते आधी बघू.