क्रॉसबी बीचवरचे लोखंडी पुतळे: भरती बघायला कधी जावं? मदत हवी आहे

मंडळी, लिव्हरपूलजवळच्या क्रॉसबी बीचवर शिल्पकार अँटनी गॉर्मलीचं 'अनदर प्लेस' हे शिल्प कोणी पाहिलंय का? स्वतःच्या शरीराचे साचे घेऊन ओतलेले १०० लोखंडी पुतळे, सगळे समुद्राकडे तोंड करून, साधारण ३ किमी किनाऱ्यावर पसरलेत. भरती आली की पुढचे पुढचे बुडत जातात, ओहोटीला परत वर येतात, आणि २००५ पासून खाऱ्या पाण्याने गंजून, शिंपले-शेवाळ चढून प्रत्येकाचं रूप वेगळं झालंय, मला हेच सगळ्यात भारी वाटतं.

आईबाबा भारतातून येतायत, त्यांना पाणी चढताना दाखवायचंय. पूर्ण ओहोटीला पोचून थांबावं की भरतीच्या थोडं आधी जावं? वाळूत मऊ चिखल आहे म्हणतात, मग वरच्या वाटेवरून नीट दिसतं का? आणि वॉटरलू स्टेशन जवळ पडेल की हॉल रोड? बाबांना फार चालवत नाही.