जिभेची गाठ, मान एकदम साफ, तरी मानेचं ऑपरेशन करायचं म्हणतायत. रिपोर्टमधलं कुणी समजावून सांगेल का?

जावई_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या (वय ६१) जिभेच्या डाव्या कडेला जखम होती, दात टोचतो म्हणून चार महिने हळद-तूप लावत बसले, शेवटी बायकोनं जबरदस्तीनं डेंटिस्टकडे नेलं आणि त्यानं बघताक्षणीच पुढे पाठवलं. तंबाखू-चुना तीस वर्षं, मळून. बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आवरणाच्या पेशींचा कॅन्सर, आलाय. आता रिपोर्टमधे पुढचं जे लिहिलंय ते डोक्यावरून जातंय. "डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा", "पेरिन्यूरल इन्व्हेजन आढळले", आणि एमआरआयवाल्यानं लिहिलंय गाठ १.८ सेंमी, खोली ७ मिमी, मानेत संशयास्पद गाठ नाही. सर्जन म्हणतात जीभ तर करूच पण त्याच वेळी मानेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड, त्या प्रत्येकालाच असतात) पण काढू. मी म्हटलं अहो मानेत कॅन्सर नाहीच आहे म्हणता ना? तर म्हणाले, "दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं." घरात दोन पार्ट्या पडल्यात. मेहुणा म्हणतो बिल वाढवायचे धंदे आहेत.

मला उपचार विचारायचे नाहीयेत, सेकंड ओपिनियन घेणारच आहोत. फक्त हे समजून घ्यायचंय की ही पेशी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते कशी, आणि गाठ एवढीशी असताना आजूबाजूच्या मांसाबद्दल रिपोर्टात एवढं का लिहितात.

पेठकर_काका

मेहुणा बरोबर बोलतोय. आणि एक सांगू, सुई लावली, चाकू लावला की हे चवताळतं. आमच्या नात्यात एकांना पोट उघडून हवा लागली आणि तीन महिन्यात कारभार आटोपला. आधी बरे हिंडत-फिरत होते. आयुर्वेदात बघा काही.

स्लाइडवाली

पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर हेच बघते, म्हणून लिहिते. आधी जावईबापूंना, काकांकडे नंतर येते.

जिभेचं वरचं आवरण आणि खालचा मऊ भाग यांच्या मधे एक पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. इतका पातळ की स्लाइड रंगवायच्या आमच्या रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो नीट दिसतही नाही, पण पेशींना बरोबर कळतो. जोवर बिघडलेल्या पेशी त्याच्या वर आहेत तोवर ते फक्त "डिस्प्लेसिया" (कॅन्सरच्या आधीचा बिघाड) किंवा जागच्या जागी असलेला कॅन्सर, कारण वरच्या थरात ना रक्तवाहिनी ना लसिकावाहिनी (पेशींमधलं पाणी लसिकागाठींकडे नेणारी बारीक नळी), जाणार कुठे? पडदा फाटला की "इन्व्हेसिव्ह" हा शब्द येतो. तुमची ७ मिमी खोली पण शेजारच्या निरोगी आवरणाच्या त्या पडद्याच्या रेषेपासून खाली मोजतात. २०१८ पासून वापरात असलेल्या स्टेजिंगमधे ही खोली धरतात, त्यामुळे १.८ सेंमीची गाठ पूर्वी टी-वन, म्हणजे मूळ गाठीची सगळ्यात खालची पायरी, म्हटली असती, आता ५ मिमीच्या वर खोली गेली म्हणून टी-टू. वरून चवन्नीएवढी दिसणारी जखम खाली किती उतरलीय यावर बरंच काही ठरतं.

आता डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा. स्ट्रोमा म्हणजे कॅन्सरच्या पेशींभोवतीचं आधाराचं मांस. सासऱ्यांच्या जखमेची कड बोटाला कडक लागत होती का? लागली असेलच. तो कडकपणा बऱ्याच अंशी कॅन्सरच्या पेशींचा नसतोच, त्यांच्याभोवती शरीरानंच विणलेल्या कोलॅजनचा, म्हणजे दोऱ्यांसारख्या प्रथिनाचा असतो. जखम झाली की ती भरून काढायला फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी धावत येतात, दोऱ्या विणतात, आवळतात, काम झालं की शांत होतात. कॅन्सरभोवती त्या शांत होतच नाहीत. ड्वोरॅक नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९८६ मधे हेच लिहिलं होतं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. स्लाइडवर बघाल तर कॅन्सरची बेटं बेटं दिसतात, त्यांच्यामधे फिकट गुलाबी लाटा, त्यात लांबुळक्या पेशी, आणि कडेनं लिम्फोसाइटचे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) काळे ठिपके घोळक्यानं उभे, अपघात बघायला गर्दी जमते तसे, बरेचसे नुसते बघे.

पेरिन्यूरल म्हणजे बारीक मज्जातंतूभोवती पेशी गुंडाळल्यात. स्लाइडवर गोल कापलेली नस आणि तिला पेशींची कॉलर. मज्जातंतू स्वतः काही रसायनं सोडतात, त्या वासावर या पेशी तिकडे ओढल्या जातात आणि मग नसेच्या कडेकडेनं सरकतात. हे फायनल रिपोर्टातही आलं तर ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं का हे ठरवताना त्याचा विचार होतो. त्यामुळे ते वाक्य उगाच नाहीये.

कोलॅजन_आणि_चहा

वरती मस्त लिहिलंय. मी पीएचडी करतोय गणेशखिंडीकडे, दिवसा पेशी रात्री थिसिस. एक गोष्ट ॲड करतो जी मला स्वतःला पहिल्यांदा वाचून गंमत वाटली होती.

आपण धरून चालतो की कॅन्सरची पेशी गुंड आहे, तीच भिंत फोडून पळते. फोडते पण, एमएमपी नावाची एन्झाइम्स असतात ती टाइप फोर कोलॅजन कापतात, त्या पडद्याचा सांगाडा त्याचाच असतो. पण २००७ साली लंडनमधल्या एका लॅबनं कोलॅजनच्या जेलवर स्क्वॅमस कार्सिनोमाच्याच पेशी वाढवल्या, म्हणजे तुमच्याच केसचा प्रकार. नुसत्या ठेवल्या तर त्या वरच बसून राहिल्या. जेलमधे फायब्रोब्लास्ट मिसळले तर आत घुसल्या, आणि मायक्रोस्कोपखाली दिसलं काय तर पुढे फायब्रोब्लास्ट, तो जेल ओढत-कापत बोगदा पाडतोय आणि मागून कॅन्सरच्या पेशी एकमेकींचा हात न सोडता रांगेनं निघाल्यात. राजगड-तोरणा केला असेल पावसाळ्यानंतर तर कळेल, पुढचा एक जण कोयत्यानं कारवी तोडत वाट पाडतो आणि मागचे आठ जण गप्पा मारत चालतात. म्हणजे वाट पाडणारा आपल्याच शरीरातला, सरळमार्गी कामगार पेशी आहे, त्याला फितवलाय. टीजीएफ-बीटा सारखे रासायनिक सिग्नल सोडून सोडून.

मॅक्रोफेजचं, म्हणजे शरीरातला कचरा खाणाऱ्या पेशीचं, पण तेच. स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांमधे दिसलंय की कॅन्सर पेशी एक सिग्नल सोडते त्यानं मॅक्रोफेज जवळ येतो, मॅक्रोफेज दुसरा सिग्नल सोडतो त्यानं कॅन्सर पेशी पुढे सरकते, असं दोघं हात धरून रक्तवाहिनीपर्यंत जातात. साफसफाई करायला आलेला माणूस चोराला दार उघडून देतो.

जावई_सिंहगडरोड

बापरे. मग त्या फायब्रोब्लास्टलाच मारून टाकायचं ना? किंवा ते एमएमपी बंद करायचं औषध?

कोलॅजन_आणि_चहा

हा प्रश्न सगळ्यांना पडला आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटले. नव्वदच्या दशकात एमएमपी रोखणारी औषधं आली, मॅरिमास्टॅट वगैरे, उंदरांत झकास, माणसांत सांधे धरले आणि फायदा दिसेना. नुसता दरवाजा अडवला तर पेशी आकार बदलून फटीतून सरकू शकतात, शिवाय ट्रायलमधले बरेच पेशंट असे होते की चोर आधीच घरात, मग कडी घालून उपयोग काय. आणि २०१४ मधे स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उंदरांत असल्या स्ट्रोमाच्या पेशी काढून टाकल्या तर कॅन्सर उलट जास्त चेकाळला. म्हणजे तीच भिंत थोडी अडवत पण होती. त्यामुळे आता "मारा" ऐवजी "वळणावर आणा" असा सूर आहे.

फक्त_सुपारी

थोडं अवांतर, पण वरती कोलॅजन वाचून विचारतोय. मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी, रोज सात-आठ पुड्या. गेल्या वर्षभरात तोंड पूर्ण उघडत नाही, वडापाव दाबून खावा लागतो. तिखट झोंबतं. याचा काही संबंध?

स्लाइडवाली

अवांतर नाहीये, उद्याच दाखवा. तुमचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. नुसत्या सुपारीनं गालाच्या आतलं मांस कोलॅजननं भरून चामड्यासारखं होतं, सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, सुपारीतलं तांबं पण कोलॅजनचे धागे एकमेकांना शिवणाऱ्या एन्झाइमला चिथावतं. तो अजून कॅन्सर नाही पण कॅन्सर होऊ शकणारी अवस्था आहे. "तंबाखू नाही फक्त सुपारी" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. पुड्या आजच बंद.

आणि आता पेठकर काका. राग नाही, पण हवा लागून काही होत नाही हो. पूर्वी स्कॅन नव्हते, पोट उघडल्यावर कळायचं की सगळीकडे पसरलंय, काही न करता परत शिवायचे आणि पेशंट जायचा, लोकांनी दोष हवेला दिला. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं होतं, पण विरळा, आणि ते कुठल्या अवयवात होऊ शकतं हे माहीत असतं म्हणून तिथे काळजी घेतात. जिभेच्या तुकड्याशिवाय निदानच होत नाही. ऑपरेशनच्या वेळी पेशी सुटू शकतात हा विचार मात्र डॉक्टर लोक गंभीरपणे करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या बडवे सरांच्या टीमनं स्तनाच्या कॅन्सरमधे काप घेण्याआधी गाठीभोवती साधं भुलीचं लिग्नोकेन टोचून पाहिलं, २०२३ मधे छापून आलं, पाच वर्षांनी जगलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. म्हणजे काळजी खरी आहे, पण उत्तर ऑपरेशन टाळणं नाही, ते नीट करणं आहे.

पेठकर_काका

वाचलं. ठीक आहे. पण मानेचं अजून कुणी सांगितलं नाही, तेवढा माझा मुद्दा शिल्लक आहे.

कोलॅजन_आणि_चहा

काकांचा मुद्दा रास्त आहे. जिभेखाली लसिकावाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि त्या वाहिन्यांची भिंत रक्तवाहिनीपेक्षा ढिली, पडदासुद्धा धड अखंड नसतो, त्यामुळे पेशीला तिथे शिरणं सोपं आणि पुढचा थांबा मानच. सुटलेल्या बहुतेक पेशी मरतात म्हणा, फिडलर नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास उंदरांच्या शिरेत खुणा केलेल्या पेशी सोडल्या होत्या तर हजारात एकसुद्धा धड रुजली नाही. पॅजेट नावाच्या सर्जननं १८८९ मधेच स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ बायकांच्या नोंदी बघून लिहिलंय, बी सगळीकडे पडतं पण उगवतं मानवणाऱ्या जमिनीतच. जिभेच्या बाबतीत ती जमीन म्हणजे मानेतल्या गाठी. आणि तिथे शे-दोनशे पेशींचा ठिपका असेल तर एमआरआयला काय दिसणार?

स्लाइडवाली

आणि हा प्रश्न आपल्याच देशात सोडवलाय. "थांबून बघू, मानेत आलं तर काढू" की "आधीच काढू" यावर टाटा मेमोरियलनं पेशंटांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, सगळे तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, मान वरून साफ. २०१५ मधे निकाल आला, तीन वर्षांनी आधी काढलेल्यांत ८० टक्के हयात, थांबलेल्यांत ६७.५. मान साफ वाटणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या दोघा-तिघांच्या गाठीत आम्हाला मायक्रोस्कोपखाली काहीतरी सापडतंच. ७ मिमी खोली असताना सर्जननं मान नसती सांगितली तर मी म्हटलं असतं दुसरीकडे जा. मेहुण्याला हा आकडा वाचून दाखवा.

सेकंड ओपिनियनला जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात बायॉप्सीचा तुकडा जपून ठेवलेला असतो) मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

आईची_लेक

मला शास्त्र येत नाही, आईचं हेच ऑपरेशन झालंय, चार वर्षं झाली. ३१ गाठी काढल्या, एकात निघालं. एमआरआय स्वच्छ होता. एकच सांगते, मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड पडतो, हात वर जात नाही, कारण तिथून खांद्याची नस जाते आणि ती वाचवली तरी दुखावते. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आई घाबरली की लकवा मारला. पहिल्या आठवड्यातच फिजिओ विचारा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढत जायचं, आई रोज पेन्सिलनं भिंतीवर खूण करायची. रंग दिला तेव्हा तेवढी भिंत सोडली आम्ही.

जावई_सिंहगडरोड

सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. ब्लॉक मिळाले, दोन दिवस फेऱ्या मारायला लावल्या पण मिळाले. दुसऱ्या डॉक्टरांनी सेम सांगितलं, जीभ आणि मान एकदमच. ८० आणि ६७.५ मेहुण्याला दाखवलं, काही बोलला नाही, संध्याकाळी येऊन म्हणाला रक्त लागलं तर माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह आहे.

पुढच्या मंगळवारी आहे. सासऱ्यांनी चुन्याची डबी स्वतःहून बायकोकडे दिली, पण पहिला प्रश्न काय, तर मानेवरचा व्रण कॉलरमधे झाकेल ना. आईची_लेक, भिंतीची पेन्सिल कुठल्या उंचीपासून सुरू केली होती?

आईची_लेक

कमरेपासून. पहिल्या दिवशी छातीपर्यंतसुद्धा गेला नव्हता हात. आणि व्रण झाकतो, आईचा तर आता शोधावा लागतो.