मदत हवी आहे: सल्ला देता येतो, पण प्रश्न विचारायला कुठे शिकायचं?

नमस्कार मंडळी,

मी विट्याची. 31 वर्षं बँकेत काउंटरवर काढली, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. आता बचतगटाच्या बायकांनी सुरू केलेल्या मदत केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. संजय गांधी निराधारचे अर्ज, रेशनकार्डातली नावं, वारस नोंदी, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्याला परराज्यात गेलेल्या नवऱ्याची सही कशी आणायची, असले प्रश्न येतात. माहिती बऱ्यापैकी आहे. नसली तर तहसीलात विचारून घेते. माझं घोडं अडलंय दुसरीकडेच.

दिवाळीनंतर एक बाई आली, चाळिशीतली. "मॅडम, सातबारा कसा काढायचा?" झालं, माझी टकळी सुरू. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो, गट नंबर ठाऊक नसेल तर आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा, बघा. तिथंच मोबाईलवर काढूनही दिला. चार मिनिटांत काम खल्लास, मीच माझ्यावर खूश. ती उठली आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "ह्यात माझं नाव हाय म्हणजे माझी सही लागंलच न्हवं?" मी म्हटलं, "लागणारच की." आणि पुढच्याला हाक मारली.

महिन्याभरानं कळलं. भावांनी तिला दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेतली. नाही म्हटलं तर माहेर तुटेल, हा घोर घेऊन ती आली होती. सातबारा नुसतं निमित्त.

त्या रात्री माझी वही काढून बसले. माझे बहुतेक प्रश्न 'आहे का', 'केलं का', 'आणलंय का' असेच. काउंटरवर ते ठीक होतं. स्लिप भरली का, पासबुक आणलं का, हो की नाही, पुढचा. जिभेला तेच वळण पडलंय.

गप्प बसायचा प्रयत्न करून पाहिला. शांतता पसरली की माझी बोटं टेबलावर टकटक करायला लागतात. एकदा मन घट्ट करून ऐकत राहिले, तर आजींनी 72 च्या दुष्काळापासून सुरुवात केली. पाऊण तासानं कळलं, काम हयातीच्या दाखल्याचं होतं!

तर विचारायचं असं: हे कुठे शिकवतात का? घरच्या घरी सराव कसा करायचा? आणि बाईबरोबर दीर किंवा भाऊ येऊन तोच सगळं बोलत असेल तर काय करायचं?

प्रतिसाद 1

ताई, मी मिरजेत काही वर्षं विधी स्वयंसेवक होतो. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणतात ते. सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, स्वयंसेवकांना तिथं प्रशिक्षण असतं. पण खरं सांगू? तिथं कायदा जास्त शिकलो, ऐकायला नंतर शिकलो.

सरावाला तिघी बसा. एकीनं गाऱ्हाणं सांगायचं, पण खरी अडचण पोटात ठेवून. दुसरीनं विचारायचं. तिसरीनं फक्त मोजायचं: किती वेळा मधे तोडलं, किती प्रश्न हो-नाहीत संपले. पहिल्या दिवशी आकडा बघून लाज वाटते, तेवढी पुरते.

सुरुवातीला पेन खाली ठेवा. "काय झालं, पहिल्यापासून सांगा," एवढंच म्हणा आणि मग नुसतं "बरं, मग?" 'का' टाळा. "का सही केलीत?" हा प्रश्न नाही, तो झापणं आहे. "त्या दिवशी काय काय झालं?" असं विचारा, त्यात 'का' आपोआप येतं. शेवटी ऐकलेलं तिला परत सांगा. चुकलं असेल तर ती सुधारते आणि तिथंच नवीन काहीतरी निघतं. दुष्काळवाल्या आजींना "आज कुठलं काम अडलंय?" असं मधेच विचारलं तर राग येत नाही, पण एकदा तरी दुष्काळ ऐकून घ्या.

सोबतच्या माणसाला आधारकार्डाची झेरॉक्स आणायला पाठवायचं. दुकान लांबचं सांगायचं.

प्रतिसाद 2

त्या बाईंचा विषय संपला असं धरू नका. फसवून किंवा दबावानं सही घेतली असेल तर दस्त रद्द करायला दिवाणी न्यायालयात जाता येतं. मुदत साधारण तीन वर्षांची, ती अंगावर काढू नका. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. मात्र भावांवर दावा लावायचा की नाही हे तिलाच ठरवू द्या. तुमच्या मनाची टोचणी तिच्या डोक्यावर नको.

धागाकर्ती

शेवटची ओळ लागली, पण बरोबर आहे. रविवारी तिच्याकडे जाऊन आले. मुदत आणि मोफत वकिलाचं सांगितलं आणि गप्प बसले. ती म्हणाली, विचार करून सांगते.

झेरॉक्सचं आजच करून पाहिलं. दीर बोलत होते, बाई मान खाली घालून. त्यांना एस.टी. स्टँडजवळ पाठवलं. ते जिना उतरतायत तोवर तिनं खुर्ची जवळ ओढली.