बाग उंटानं खाल्ली की क्षारानं? वाळवंटातल्या एका विनोदी कादंबरीवरून टोपणनावांनी रंगलेला वाद

खुंटरोप

नाशिकच्या एका लेखनगटात विनोदी कादंबरीचं एक हस्तलिखित फिरतंय. छापून आलेलं नाही, म्हणून आधी कथानक सांगतो. कुठंच न रुळलेले चौघे आहेत: दिंडोरीचा कर्जात गेलेला द्राक्ष बागायतदार, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, वायनरीच्या टेस्टिंग रूममधून काढून टाकलेली एक मुलगी आणि लग्नाचे मंडप घालणारा. चौघं जैसलमेरजवळ एक एकर जमीन खंडानं घेतात. थरच्या वाळवंटात वाइनची द्राक्षं पिकवायची, हे स्वप्न. दोनशे ऐंशी पानं धमाल चालतात आणि शेवटी भरलेली बाग एका रात्री मोकाट उंट येऊन फस्त करतात. संपलं, पुढं फक्त उपसंहार.

माझं म्हणणं, उंट हा लेखकाचा आळस आहे. विनोदी कादंबरीत नाश वरून पडता कामा नये, माणसाच्या स्वतःच्या हातातून व्हायला हवा. आणि तिथं तो आयता होता!

बघा. तिथलं बोअरचं पाणी बहुतेक खारं. ठिबकच्या प्रत्येक ड्रीपरखाली मातीत ओला गोळा तयार होतो. पाणी बाहेर सरकतं तसे क्षारही सरकतात आणि ओलाव्याच्या कडेला साचतात. जमिनीवर पांढरी कड दिसते ती हीच. मुळं मधल्या कमी खाऱ्या भागात तग धरून असतात. अशात जुलैमध्ये आठ-दहा मिलिमीटरचा हलका पाऊस पडतो. नाशिकचा माणूस काय करणार? नाचणार आणि मोटर बंद करणार, डिझेल वाचलं म्हणून. तो पाऊस कडेचे सगळे क्षार उलटे मुळांत ढकलतो. आठवड्याभरात पानांच्या कडा करपायला लागतात. खरं तर निदान ५० मिमी पाऊस होईपर्यंत ठिबक चालूच ठेवायची असते.

वाळवंटात पाऊस आला आणि त्यानं बाग मारली. याहून मोठा विनोद उंट कुठून आणणार?

उंटाची बाजू

छान. फक्त कादंबरीचं कृषी विभागानं छापलेलं पत्रक झालं.

विनोद डोळ्यांना दिसावा लागतो. अंधारात बारा उंट, मंडपवाल्यानं लावलेली लग्नाची झालर एकाच्या मानेत अडकलेली, मेकॅनिक हॉर्न वाजवत मागे धावतोय, हे दिसतं. क्षार दिसत नाही. वाचक हसायच्या आधी त्याला ओलावा, कड, मुळं, ईसी (खारेपणाचं माप) हे सगळं समजावणार? नाशिकच्या कॉलेज रोडवर राहणाऱ्या माणसानं आयुष्यात ड्रीपर हातात धरलेला नसतो. गंमत समजावून सांगायला लागली की ती मेली.

शिवाय शेवट अनपेक्षित हवा. लेखकानं उंट आधी कुठंच मोठे केलेले नाहीत, हीच त्यातली मजा आहे.

ऑक्टोबरछाटणी

तुम्ही दोघं शेवटावर भांडताय, पण कादंबरी त्याच्या कितीतरी आधी फसली आहे. पान ६० वर बागायतदार लागवड करतो आणि पान १४० वर, सहा महिन्यांत, घड लागलेत. दिंडोरीचा माणूस असं बोलणारच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावायचा, तो पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरायचं, पुढच्या जानेवारीच्या सुमारास रिकट (वाढलेलं कलम पुन्हा छाटणं), मग ओलांडे (वेलाच्या आडव्या मुख्य फांद्या) तयार करायचे, तेव्हा कुठं पहिली फळछाटणी. पहिला माल हातात यायला दोन वर्षं तरी धरा.

लेखकाला वाटलं असेल, दोन वर्षं कंटाळवाणी होतील. उलट आहे! चार उपटसुंभ, एक एकर वाळू आणि करायला काही नाही. कादंबरीचा मधला भाग तिथंच आहे. आत्ता तो सगळा उगाच मारामाऱ्यांनी भरलाय.

आणि खरी चूक तर लेखकाच्या हातून निसटलीच. नाशिकची दोन छाटण्यांची पद्धत इथल्या हवेवर बसलेली आहे: एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला फळछाटणी (घडांसाठी), फेब्रुवारी-मार्चला माल. उत्तरेत वेल हिवाळ्यात पानं टाकून खरोखर झोपतो. तिथं एकच छाटणी, जानेवारीच्या आसपास, आणि माल मे-जूनमध्ये. आता आपला बागायतदार ऑक्टोबरला कात्री लावणार, वेलाच्या डोळ्यांवर डॉरमेक्स या फूट आणणाऱ्या रसायनाचं पेस्टिंग करणार, दहा-बारा दिवसांत बाग हिरवीगार फुटणार. गावातले लोक थक्क. मग डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा शून्याकडे सरकला की तीच कोवळी फूट काळी पडणार.

म्हणजे तो मूर्ख आहे म्हणून बुडत नाही. त्याला जे सगळ्यात चांगलं येतं, त्यानंच बुडतो. चौघांनाही हेच लावून बघा.

खुंटरोप

छाटणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एकाच कादंबरीत थंडीही आणि क्षारही? पहिल्या वर्षी थंडी, दुसऱ्या वर्षी क्षार, असं क्रमानं चाललं तर दुष्काळी भागाचा अहवाल होईल.

उंटाची बाजू

अहवाल हा शब्द तुमच्याच तोंडून निघाला, आनंद आहे.

गोणपाट

मेकॅनिकवर या लेखकानं मोठाच अन्याय केलाय. पूर्ण पुस्तकात तो फक्त शिव्या देतो आणि टायर बदलतो. खरं म्हणजे वाळवंटात जिंकू शकणारा तो एकटाच.

जूनमध्ये माल आला म्हणजे बाहेर ४३-४४ अंश. रस आंबायला लागला की तो स्वतःही उष्णता सोडतो. पस्तिशीच्या वर गेला की यीस्ट दमतं, आणखी वर गेला की मरतं आणि वाइन अर्धवट गोड राहून अडकते. पांढऱ्या वाइनला १२ ते १८ अंश हवेत, लालला पंचविशीच्या पुढेमागे चालतं. टेस्टिंग रूमवालीला पांढरीच करायची आहे, म्हणून ती चिलर मागते. चिलरला वीज नाही, जनरेटरला पैसे नाहीत.

इथं एसटीचा माणूस २०० लिटरची ड्रम घेतो, भोवती गोणपाट गुंडाळतो, वरून पाण्याची थेंबथेंब धार सोडतो आणि समोर रेडिएटरचा पंखा लावतो. हवा इतकी कोरडी, साधारण १५ टक्के आर्द्रता, की बाष्पीभवनानं ड्रम पंचविशीपर्यंत उतरू शकते. नाशिकच्या पावसाळ्यात हाच प्रयोग शून्य. पण पंचविशीत पांढरी नाही, फक्त लाल निघते. म्हणजे मेकॅनिक जिंकतो आणि मुलगी हरते, एकाच ड्रममध्ये. दोघांचं भांडण आपोआप उभं राहतं, त्यासाठी प्रेमप्रकरण घुसडायची गरज नाही.

आणि हुशारीच्या भरात त्यांनी २,००० लिटरची टाकी घेतली तर? गेलं सगळं. रस दहापट, पण बाहेरचा पृष्ठभाग जेमतेम पाचपट. गोणपाट पुरत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यानं ते गोणपाट काही दिवसांत पत्र्यासारखं कडक होतं. हे हात लावून दाखवता येतं, उंटवाल्यांना दिसेल असं.

उंटाची बाजू

हे आवडलं. यात समजावणं नाही, वस्तू आहे. क्षाराचंही असं काही करा म्हणजे बोलू.

दूरचा वाचक

नाशिकबाहेरून वाचतोय, सहज विचारतो: पाणी आणतात कुठून? कथानकात ते आलंच नाही.

खुंटरोप

हस्तलिखितात आठवड्याला ५,००० लिटरचा एक टँकर आहे. ९ बाय ५ फुटांवर एकरात ९६८ वेल बसतात, म्हणजे वेलाला आठवड्याला पाच लिटर. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. मे महिन्यात मोठ्या वेलांना काटकसर करूनही दिवसाला तीन मिलिमीटर तरी लागेल, म्हणजे १२,००० लिटर. रोज. इथं लेखकाचा हिशेब पार चुकलाय. म्हणूनच म्हणतो, त्यांना बोअर घ्यावीच लागेल, आणि बोअर आली की क्षार आला.

रेतीघड्याळ

बोअरचा विषय निघाला म्हणून. मला या हस्तलिखिताचा राग वेगळ्याच कारणानं आहे. त्यातला एकही राजस्थानी माणूस शहाणा नाही. सगळे फेटा बांधून "पधारो" म्हणतात आणि गायब होतात. वर्षाला २०० मिमीच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात जे शेकडो वर्षं राहिले, त्यांना पाण्याचं काही कळत नसेल?

तिथं काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या थरावर ओल म्हणून अडकून राहतं. त्याच्याखाली खारं पाणी. लोक त्या थरापर्यंतच अरुंद विहीर, म्हणजे कुई, खोदतात. आजूबाजूची ओल रात्रभर त्यात पाझरते आणि दिवसाला दोन-तीन घडे गोडं पाणी मिळतं. खोदणाऱ्याला चेजारो म्हणतात. आत कुदळ फिरवायलासुद्धा जागा नसते, म्हणून आखूड दांड्याच्या हत्यारानं बसून खोदायचं. डोक्यावर पितळेचं किंवा काशाचं भांडं. वरचे लोक मधूनमधून मूठभर वाळू जोरात खाली फेकतात, त्यामुळे ताजी हवा खाली जाते आणि आतली कोंदट गरम हवा वर येते.

आता नाशिकचा बागायतदार तिथं पोचला की पहिलं वाक्य काय बोलेल? "आणखी दोनशे फूट मारा, लागेल पाणी." आणि ते बोअर जिप्समचा थर फोडून जाईल. वर साठलेली गोडी ओल खाली खाऱ्यात उतरेल. शेजारची कुई आटली, की गावच्या बाईनं याला काय ऐकवलं ते लिहा. पूर्ण पुस्तकातलं सगळ्यात विनोदी संभाषण तिच्या तोंडी जायला हवं, याच्या नाही.

ऑक्टोबरछाटणी

हे माझ्याच मुद्द्याला येऊन मिळतं. आपल्याकडचं शहाणपण म्हणजे "खोल जा". तिथं तेच नडलं.

उंटाची बाजू

पण मग हसायचं कुणाला? गावाचं पाणी घालवणाऱ्यावर हसू येत नाही, चीड येते. तुम्ही विनोदी कादंबरीची शोकांतिका करताय.

रेतीघड्याळ

चीड आलीच पाहिजे थोडी. निव्वळ भोळे स्वप्नाळू चौघे आणि बाकी जग वाईट, ही गोड गोळी आता पुरे. कुईचं गेलेलं पाणी मंडपवाल्याकडून परत करवून घ्या. मंडपाची ताडपत्री वाळूच्या उतारावर अंथरली की पाणी गोळा होतं, खाली टांका, म्हणजे भूमिगत टाकी. तिथं परंपरेनं हेच करतात, फक्त जमीन चोपून. १०० चौरस मीटर, १८० मिमी पाऊस, अर्धं पाणी गळतीत आणि उडून गेलं तरी ९,००० लिटर. एका घराला प्यायला पुरेल, बागेला एक दिवसही नाही. म्हणजे स्वप्न गेलं, पण हिशेब चुकता झाला.

दूरचा वाचक

आणि ती वाइन नाशिकला आणणार कशी? मध्ये गुजरात आहे.

गोणपाट

नेमकं! हे लेखकानं सोडलं कसं? सरळ रस्ता अहमदाबादवरून, आणि तिकडे दारूबंदी. गुजरात टाळायचा तर जोधपूर, उदयपूर, रतलाम, इंदूर, धुळे असा वळसा. मेकॅनिकला जन्मभर एसटीनं शिकवलेलं एकच: जवळचा मार्ग, डिझेल वाचवा. तो अहमदाबादच्या दिशेनं गाडी घालणार हे ठरलेलं. चाळीस पानांचा प्रवास फुकट पडलाय.

उंटाची बाजू

प्रवास घ्या. मग माझा उंटही घ्या. शेवटी चौघं एक उंट नाशिकला आणतात आणि रामकुंडावर पोरांना त्यावरून चकरा मारून आणतात, असं उपसंहारात आहे ना? त्यावर कुणी बोललं नाही.

रेतीघड्याळ

कारण ते होऊच शकत नाही. २०१४ ला राजस्थाननं उंटाला राज्य प्राणी केलं आणि २०१५ ला कायदा आला. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उंट राज्याबाहेर नेता येत नाही. वाइन गुजरातेत अडकणार, उंट राजस्थानातच.

उंटाची बाजू

उत्तम, म्हणजे परवान्याच्या खिडकीवर आणखी दहा पानं.

बरं, आता माझी शेवटची ऑफर. उंटाला खारं आवडतं. त्याला इतर जनावरांपेक्षा मीठ जास्त लागतं, खारी झुडपं तो शोधून खातो. क्षारानं करपलेली बाग बघून बागायतदार डोक्याला हात लावून बसलाय आणि बारा उंट येऊन ती पानं चवीनं खातायत. क्षार तुमचा, दृश्य माझं. चालेल?

खुंटरोप

दृश्य चालेल, "मोकाट" चालणार नाही. तिथं उंट चरायला मोकळे सोडलेले दिसतात, पण त्यांना मालक असतो, अंगावर मालकीचा डाग दिलेला असतो. बारा उंट खाऊन गेले तर सकाळी कुणीतरी येणारच. तो कोण, ते आधी ठरवा.

रेतीघड्याळ

कुई जिची आटली, तिचाच नवरा.

उंटाची बाजू

नवरा कशाला? उंट तिचेच. आणि ती नुकसानभरपाई मागायला आली आहे, खाऱ्या पानांनी उंटांचं पोट बिघडलं म्हणून.

ऑक्टोबरछाटणी

पोट खाऱ्यानं नाही बिघडणार, त्यांना सवय असते. फवारणीनं बिघडेल. शेवटचा हात कशाचा आणि किती दिवसांपूर्वी मारला होता, तेवढं आधीच्या प्रकरणात टाकायला सांगा लेखकाला.