डीएनए रिपोर्टमध्ये पोटाच्या कॅन्सरपुढे लाल बाण, घाबरायचं का?

सातारकर:
वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले, वय ६२. मेहुण्यानं हौसेनं लाळेचं डीएनए किट आणून दिलं. रिपोर्टात पोटाच्या कॅन्सरपुढे लाल बाण, खाली 'पीएससीए – टीटी'. बायकोनं त्याच दिवशी लोणचं-पापड बंद केलं. हे टीटी प्रकरण खरंच एवढं गंभीर आहे का?

लॅबवाली:
दादा, मीठ कमी केलंत ते चांगलंच, पण टीटीला एवढं घाबरू नका. मी जनुक तपासणीच्या लॅबमध्येच आहे, हे बाण रोज बघते. पीएससीए हे एक जनुक, आणि टीटी म्हणजे त्यातल्या एका जागी आई-वडील दोघांकडून 'टी' हे अक्षर आलेलं. त्याचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध खरा आहे. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी तो दाखवला. पण जपानमध्ये हे 'टी' निम्म्याहून जास्त लोकांकडे असतं, आणि त्या सगळ्यांना काही कॅन्सर होत नाही. धोका वाढतो तो किंचित. गंमत म्हणजे 'टी' असलेल्यांना ड्युओडेनमच्या (जठरानंतरच्या आतड्याच्या पहिल्या भागाच्या) अल्सरचा धोका उलट कमी असतो! त्यापुढे तुमच्या रिपोर्टात हिरवा बाण आहे का? नसणार. भीती जास्त खपते.

वडिलांना झाला होता, ही गोष्ट टीटीपेक्षा मोठी. आणि त्याहून मोठा जठरात राहणारा एच. पायलोरी जंतू. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. पॅन्टोप्राझोल वगैरे ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून आधी दोन आठवडे थांबवा, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं. सापडलाच तर गोळ्यांचा कोर्स असतो.

चहाबाज:
आमच्याकडे आत्या आणि तिचा मुलगा, दोघंही याच आजारानं गेले. मुलगा तर पस्तिशीत. सीडीएच१ म्हणतात ते हेच का?

लॅबवाली:
असू शकतं. पीएससीएचे फरक घरोघरी असतात, सीडीएच१ या जनुकातला बिघाड दुर्मीळ पण जबर. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत तो सापडला. अशा घरांत काही जण कॅन्सर व्हायच्या आधीच जठर काढून घेतात. इथे हौशी किट कामाचं नाही. दोघांचे बायोप्सी रिपोर्ट शोधा, 'डिफ्यूज' किंवा 'सिग्नेट रिंग' (सीडीएच१ मुळे होणारा कॅन्सर याच प्रकारचा असतो) लिहिलंय का बघा, आणि ते घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे जा.

सातारकर:
हिरवा बाण नाहीच! पॅन्टोप्राझोल मात्र रोज घेतो. डॉक्टरांशी बोलतो. धाकट्या भावालाही नेऊ का तपासणीला?

लॅबवाली:
न्या की. हा जंतू बहुतेकदा लहानपणी घरातच लागतो, आणि तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात.