भेट बांधताना: कागद, खण, सुतळी (अनुभव धागा)

दिवाळी, भाऊबीज, मग तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. बारसं आणि डोहाळजेवण तर वर्षभर चालूच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे भेट उघडायच्या आधी ती बांधलीय कशी हे बघितलंच जातं. ज्यांचा हात यात बसलाय त्यांनी लिहा. मापं द्या, कुठला कागद, कुठे सुटतो, का सुटतो ते सांगा. नुसतं 'छान दिसतं' नको.

बेळगाव, स्टेशनरीचं दुकान

मापापासून सुरुवात करते, कारण निम्मं बिघडतं ते तिथेच. डब्याभोवती कागदाचा एक फेरा जेवढा होईल त्यात 3 सेंटिमीटर वाढवा, ही एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे डब्याची लांबी अधिक उंचीची दीडपट. डबा 25 लांब, 18 रुंद, 8 उंच असेल तर फेरा 52, त्यात 3 म्हणजे 55. दुसरीकडे 25 अधिक 12, म्हणजे 37. साधारण 50 बाय 70 च्या तावात हा आरामात बसतो.

टोकाला प्रत्येकी उंचीच्या पाऊणपटच कागद राहायला हवा, इथे 6 सेंटिमीटर. त्याहून जास्त राहिला की घड्या एकावर एक चढतात आणि टोक फुगतं. तिथे टेप वाढवून काही होत नाही, कागदच कापायला लागतो.

डबा कागदावर पालथा ठेवा, म्हणजे जोड खाली जातो. जोडाच्या वरच्या कडेला 1 सेंटिमीटर आत दुमड घालून कापलेली कड लपवा आणि खालून दुतर्फी टेप लावा. वरून चमकणारी टेप दिसली की सगळी मेहनत वाया. टोकाला आधी दोन्ही बाजू आत ढकला, मग वरचा पंखा खाली, शेवटी खालचा वर. प्रत्येक घडी डब्याच्या कडेवरून नखाने दाबत न्या.

चौरस, बसका डबा असेल आणि ताव अपुरा पडत असेल तर डबा कागदावर तिरका ठेवा. डब्याचा कर्ण अधिक उंचीची दीडपट, एवढी चौरस कागदाची बाजू. 20 बाय 20 चा 5 उंच डबा 36 च्या चौरसात बसतो. सरळ ठेवून याहून बराच लांब ताव लागतो.

खानापूर

वरची मापं अगदी बरोबर, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागदच वेगळा वागतो. साधा छापील कागद दमट हवेत ओलावा ओढतो, लांबतो आणि डब्यावर लाटा येतात. सकाळी ताठ गुंडाळलेलं संध्याकाळी सैल. पावसाळ्यात जाड क्राफ्ट कागद किंवा प्लॅस्टिकचा थर असलेला चमकीचा कागद घ्या. चमकीच्या कागदाची अडचण अशी की त्याची घडी बसत नाही, परत उघडते, आणि त्यावर फेव्हिकॉल धरत नाही, कारण गोंदाचं पाणी शोषायला तिथे काही नसतं. दुतर्फी टेपच लागते, आणि टेप लावायच्या आधी जागा कोरड्या कपड्याने पुसायची. बोटांचा घाम लागला तरी टेप सुटते.

ताव उभे गुंडाळून पिशवीत तोंड बांधून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नवीन चपलांच्या खोक्यात मिळतात त्या चालतात, फक्त खाऊच्या डब्यात त्या जाऊ देऊ नका.

शहापूर, बेळगाव

आम्ही कागदापेक्षा कापडात जास्त बांधतो. गुळेदगुड्डचा खण यासाठी फार सुंदर: रंग गडद, काठ आपोआप चौकट देतो, आणि ज्यांना भेट दिली त्यांच्या हातात एक खण राहतो. म्हणून माझा एकच हट्ट. खण कापू नका, टाचण्या टोचू नका, गोंद लावू नका. त्याचा पुढे ब्लाऊज किंवा पिशवी होईल असाच बांधा.

माप असं: कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट. 25 सेंटिमीटरच्या डब्याला कर्ण 75 हवा, म्हणजे चौरसाची बाजू 53. डबा उंच असेल तर 60 घ्या. खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा आधी मोजून बघा. लांबी जास्त निघाली तर ती कापायची नाही, आत दुमडायची. दुमडलेली बाजू तळाशी गेली की डब्याला बैठकही मिळते.

कापड उलट्या बाजूने इस्त्री करून पसरा आणि डबा मधोमध तिरका ठेवा. जवळचं टोक डब्यावरून पलीकडे नेऊन खाली खोचा, समोरचं त्यावर आणा. उरलेली दोन टोकं वर घेऊन गाठ मारा. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठीचे कान आडवे न राहता उभे फिरतात आणि ओझं आलं की गाठ सरकते. बरोबर बसलेल्या गाठीचे दोन्ही कान कापडाच्या बाजूंना समांतर पडतात, ते हाताने चेपून पानासारखे उघडायचे.

नवीन गडद खण, विशेषतः लाल आणि जांभळा, पांढऱ्या वस्तूवर थेट बांधू नका. एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा. डाग उठला तर आत मलमलचा तुकडा घाला.

निपाणी

कापडाबद्दल वर आलं त्याला जोडून जुन्या साडीच्या काठाचं सांगतो. इरकल साडी अंगाने विरली तरी काठ बरेचदा धड असतो. काठाच्या आत दोन बोटं कापड ठेवून कापा आणि ते कापड मागे दुमडून बारीक टाका घाला. अगदी काठाला लागून कापलं तर धागे सुटत जातात आणि फीत दोन समारंभात संपते. साधारण दीड मीटरच्या काठात मध्यम डब्याला एक आडवा, एक उभा फेरा आणि वर गाठ होते. आजीच्या साडीचा काठ नातीच्या लग्नाच्या आहेराला आला, तर त्या घरात तो ओळखला जातो.

आहेराची रेशमी साडी मात्र प्लॅस्टिकमध्ये घालून रिबीन आवळू नका. आत ओलावा अडकतो आणि जरीचे धागे काळवंडतात. मलमलमध्ये घडी, वरून कागदी खोका, आणि लोखंडी टाचणी एकही नाही. ती गंजली की डाग निघत नाही.

गोकाक

करदंट आणि कुंदा या दोन्ही मिठाया बाहेरगावी जातात, पण दोघींना वेगळी वागणूक लागते. करदंट गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचा. गूळ हवेतला ओलावा ओढतो, वड्या एकमेकींना चिकटतात. म्हणून प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी, मग घट्ट झाकणाचा डबा. कुंदा तुपाळ, त्याचं तूप कागदातून झिरपून वरचा सुंदर कागद पारदर्शक करून टाकतं. स्टीलचा डबा, आत बटर पेपर, झाकणाखाली अजून एक गोल, आणि मगच बाहेरचं बांधणं. गरम कुंदा कधीही भरू नका. वाफ झाकणाला धरते, पाणी परत खाली पडतं आणि दोन दिवसांत बुरशी येते. पूर्ण निवायला वेळ द्या.

बटर पेपर स्वयंपाकाचा हवा. स्टेशनरीत नकाशे काढायला मिळतो तोही त्याच नावाने विकतात, तो खाण्यासाठी नाही. वर्तमानपत्रही पदार्थाला लावायचं नाही. शाई लागते, आणि अन्नसुरक्षेच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे.

खानापूर तालुका, कुंभारकाम

मातीची भांडी भेट द्यायची पद्धत वाढलीय, चांगलंच आहे. फुटतात ती पडून कमी, खोक्यात हलून जास्त. आधी पोट भरा: भांड्याच्या आत चुरगाळलेला कागद घट्ट. मग कान आणि चोच वेगळी गुंडाळा, सगळ्यात आधी तीच तुटतात. झाकण भांड्यावर ठेवून पाठवू नका, मध्ये जाड कागद घालून उलटं ठेवा. खोकं सगळीकडून 5 सेंटिमीटर मोठं, ती जागा भाताच्या पेंढ्याने भरा. आमच्याकडे पेंढ्याला तोटा नाही, पण तो उन्हात कडक वाळलेला हवा. दमट पेंढ्याला बुरशी धरते, किडे निघतात. खोकं बंद करून कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा.

न भाजलेली, नुसती रंगवलेली मूर्ती किंवा पणती असेल तर पेंढा थेट लावू नका, रंगावर ओरखडे येतात. आधी मऊ टिश्यू कागद.

चिकोडी

पैशाचं पाकीट. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम, सोनेरी नक्षी आयती मिळते. पत्रिकेवर गणपती किंवा कुलदेवतेचं चित्र असेल तर तो भाग कापून वेगळा काढा आणि घरच्या रीतीप्रमाणे विसर्जन करा. पाकिटाच्या घडीत तो येऊ देऊ नका, वडीलधाऱ्यांना ते लागतं आणि बरोबरच आहे.

500 ची नोट 150 बाय 66 मिलिमीटर, म्हणून आतली जागा 17 बाय 8 सेंटिमीटर ठेवा. जाड कागद मोडण्याआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनाने रेघ ओढा, नाहीतर घडीवर सोनेरी रंग तडकतो. 501 चा एक रुपया गोंदाने चिकटवू नका. पाकिटावर दोन समांतर चिरा द्या, नाण्याच्या रुंदीएवढ्या लांब, आणि नाणं त्यात सरकवा. नोटांना स्टेपलर नको.

बेळगाव

बसने पार्सल पाठवायचं असेल तर फुलं, बो, सजावट आतल्या खोक्यावर. बाहेर साधा क्राफ्ट कागद आणि सुतळी. पत्ता दोन बाजूंना लिहा, एक चिठ्ठी आतही टाका.

गोकाक

मुलांच्या वाढदिवसाला चेंडू, लाकडी फळं, भोवरा अशा गोल वस्तू. कागद चापून बसवायचा प्रयत्न सोडा. वस्तू पुठ्ठ्याच्या नळीत किंवा गोल डब्यात घाला, कागद गुंडाळून दोन्ही बाजूंना 8 सेंटिमीटर जास्त सोडा आणि चॉकलेटसारखी टोकं पिळून सुतळीने बांधा. गोल डब्याचं झाकण सपाट हवं असेल तर कागद त्रिज्येएवढाच जास्त ठेवून दीड-दीड सेंटिमीटरच्या चुण्या एकाच दिशेने पाडा, मधोमध गोल चिठ्ठी चिकटवा. तान्ह्या बाळाच्या भेटीवर चमकी, टिकल्या, मणी काहीच नको, तोंडात जातात.

शहापूर, बेळगाव

गोकाकच्या ताईंनी चिठ्ठीचं काढलं म्हणून. चकचकीत कागदावर जेल पेन पसरतं, कायम शाईचं मार्कर वापरा किंवा साध्या कागदाची चिठ्ठी करून दोऱ्याने अडकवा. कानडी मैत्रिणीला तिचं नाव तिच्या लिपीत लिहून द्या, आधी पेन्सिलने, आणि जोडाक्षर कुणा जाणत्याकडून तपासून. मोगऱ्याचा किंवा अबोलीचा गजरा बांधायचा तर निघताना, शेवटच्या क्षणी, खाली पानाचा तुकडा ठेवून. ओल्या गजऱ्याने कागदावर वर्तुळ उठतं.

आणि क्रेप कागदाची फुलं करणाऱ्यांना एक विनंती. क्रेपचा रंग कच्चा असतो, जरा ओल लागली की लाल-हिरवे ओघळ खाली उतरतात. साडी, धोतरजोडी, पांढरा टॉवेल यांवर ती थेट लावू नका. फुलाच्या बुडाला सेलोटेपचे दोन वेढे द्या आणि तारेचं टोक वळवून आत घ्या, म्हणजे कापडाला अडकणार नाही.